पायाखालचा माळ

नुसत्या गवताचा काय फोटो काढायचा, असं मलाही वाटायचं. मग टेरी इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचं काम पाहिलं. कॅन्ससमधलं सलायना गावाजवळचं गवताळ रान त्या १९७८ पासून टिपू लागल्या. कॅमेरा क्षितिजाकडे नाही, सरळ पायाशी! एकमेकांत गुंतलेली पाती, रानफुलं, वाळक्या काड्या. पुढे विमानातूनही त्यांनी ही जमीन टिपली.

उत्तर अमेरिकेतलं उंच गवताचं रान आज ४ टक्केही उरलेलं नाही. बहुतेक नांगराखाली गेलं. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स टेकड्या वाचल्या त्या खडकामुळे. नांगरच चालेना! 'रिकामी' म्हणूनच गेली ना ती जमीन? आपणही गावाबाहेरच्या माळाला पडीकच म्हणतो. परवा तिथे वाकून पाहिलं. वीतभर जागेत पाच तऱ्हेचं गवत, आणि एकाचंही नाव मला सांगता येईना.