पेसमेकर आहे? मग एमआरआय नाही!

साताऱ्याहून नाहीतर जतहून मिरजेला येणाऱ्या हृदयरुग्णाच्या पिशवीत जुन्या ईसीजींची वळकटी, एक्स-रेची पाकिटे आणि तळाशी एक छोटे कार्ड असते. त्यावर पेसमेकरचे मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. एमआरआयच्या काउंटरवर मात्र प्रश्न एकच: “पेसमेकर आहे का?” ‘हो’ म्हटले की फाइल परत. कार्ड कुणी मागतच नाही.

नकार देणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. एमआरआयच्या रेडिओलहरींनी पेसमेकरच्या हृदयातल्या वायरीचे टोक तापू शकते. बाहेरच्या लहरींनाच हृदयाचे ठोके समजून पेसमेकर गप्प बसू शकतो.

पण धोका असू शकतो, म्हणून तपासणी होऊच शकत नाही, हे कुठले तर्कशास्त्र? एमआरआयसाठी खास घडवलेल्या पेसमेकरला अमेरिकेत 2011 मध्येच मान्यता मिळाली. जुन्या यंत्रांचे काय, असे कोणी विचारील. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅग्नासेफ अभ्यासात अशी जुनी यंत्रे बसवलेल्या रुग्णांच्या 1500 तपासण्या झाल्या. तपासणीदरम्यान एकही मृत्यू नाही, एकही वायर निकामी नाही. एक डिफिब्रिलेटर (पेसमेकरसारखेच शरीरात बसवलेले, गरज पडल्यास शॉक देणारे यंत्र) बदलावा लागला, तोही आधी नीट प्रोग्रॅम केला नव्हता म्हणून.

“त्या छातीबाहेरच्या तपासण्या, हृदयाचे बोला!” रास्त आक्षेप. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 1509 रुग्णांच्या 2103 तपासण्या मांडल्या, त्यांत छातीच्याही होत्या. नऊदा यंत्र रीसेट झाले. कायमचे बिघडले ते एकच, आणि त्याची बॅटरी महिनाभरही उरली नव्हती.

उरला शेवटचा आक्षेप: चित्र बिघडते. डिफिब्रिलेटरच्या डबीची काळी सावली हृदयावर पडते, हे खरे. पण ‘वाइडबँड’ या एमआरआयच्या खास पद्धतीने ती बरीच आवरते आणि स्नायूतला व्रण दिसू शकतो.

म्हणजे सरसकट होकार द्यावा का? तेही नाही. शरीरात सोडून दिलेली जुनी वायर असेल, तर लाभ आणि धोका तोलावाच लागतो. एरवी हवी ती तयारी: आधी यंत्राची तपासणी, पेसमेकरवरच ज्याचे ठोके चालतात त्याच्यासाठी ठरावीक गतीचा मोड, डिफिब्रिलेटरचे शॉक बंद, आत असेपर्यंत ईसीजी आणि ऑक्सिजनवर नजर, बाहेरचा डिफिब्रिलेटर हाताशी, आणि शेवटी सगळे पूर्ववत.

ही तयारी आपल्याकडे नसेल, तर तसे सांगावे आणि जिथे आहे तिथे चिठ्ठी द्यावी. आपल्या गैरसोयीला रुग्णाचा धोका म्हणू नये. आणि नाही म्हणण्याआधी निदान ते कार्ड तरी मागावे.