पायांनी लक्षात ठेवलेली गोष्ट

दोस्तांनो, नाटक म्हटलं की रंगमंच, पडदा, पाठ केलेले संवाद आलेच, नाही का? पण पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर ‘बोहाडा’ होतो ना, त्यात यातलं काहीच लागत नाही! उन्हाळ्यातल्या रात्री गावातली वाट हाच रंगमंच. संबळाचा ताल सुरू झाला की गणपती, रावण, नरसिंह अशी सोंगं मुखवटे लावून एकामागून एक नाचत येतात. बरीचशी सोंगं ठरावीक घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. कुठल्या सोंगाची चाल कशी, हे वहीत लिहून ठेवलेलं नसतं. आजोबा नाचतात, नातू बघतो आणि त्याचे पाय शिकतात.

पण यातच एक धोका आहे हं! पोटासाठी एखादं घर गाव सोडून गेलं आणि नातवानं नाच पाहिलाच नाही, तर? मुखवटा घरात राहील, पण त्याची चाल मात्र हरवेल.

तुमच्याही गावात असा एखादा नाच, एखादं सोंग असेल. या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा. आणि नुसतं ऐकू नका बरं का, उठून त्यांच्याबरोबर चार पावलं टाका!