मेलं की अभिजात!

साहित्य म्हणजे काय, हे नेमकं कळलेले लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की ते आमच्याकडे भाषणाला येतात.

शाल-श्रीफळ स्वीकारून झालं की पहिलंच वाक्य ठरलेलं: साहित्य या शब्दात ‘सहित’ आहे. मग संस्कृत काव्यशास्त्रकार बिचाऱ्या भामहाला वेठीला धरतात. सहित म्हणजे सोबत, सोबत म्हणजे समाज. टाळ्या. पुढचा पाऊण तास त्या सोबतीतून कुणाकुणाला वगळायचं त्याची यादी. बोलीतलं वगळा. लोकांना आवडलेलं वगळा. छापलेलं नसेल तर वगळाच. आणि छापलंय, पण चंद्रपुरात छापलंय? तेही जरा बाजूला ठेवा. भामहाने शब्द आणि अर्थ एकत्र असावेत एवढंच म्हटलं होतं हो. प्रकाशक पुण्याचा असावा, ही अट त्याच्या पोथीत नाही.

मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचा. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. कोळसा शेजारच्या दुर्गापूर-पद्मापूरचा, राख आमच्या गच्चीवरच्या वाळवणावर, आणि चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी वीज नेऊन टाकते थेट मुंबईच्या उंबरठ्याशी. साहित्याचा कारभारही याच धर्तीवर चालतो. कच्चा माल इथून जातो. साहित्य कशाला म्हणायचं, ते तिकडून कळवण्यात येतं.

आता पाट्यांचा खेळ बघा. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, आदिवासी साहित्य, झाडीबोली साहित्य, लोकसाहित्य. ज्याच्या त्याच्या गळ्यात पाटी. पण ‘सदाशिवपेठी साहित्य’ असं कधी ऐकलंत? ‘पहिले अखिल हिंदू कॉलनी साहित्य संमेलन, दादर’ अशी पत्रिका कुणाच्या हाती पडली? छे. ते नुसतं साहित्य. बिनविशेषणाचं, निर्गुण निराकार.

1979 सालची गोष्ट. चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे. त्याच साली, याच जिल्ह्यात, भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं. एसटीने तासाभराचं अंतर. एक अखिल भारतीय, दुसरं आदिवासी. का बुवा? आदिवासी अखिल भारतात येत नाहीत? की भारत अखिल करताना तेवढा जंगलाचा तुकडा शिल्लक राहिला होता? पुण्याच्या ग्रंथकार सभेला जोतीराव फुल्यांनी 1885 सालीच कळवून टाकलं होतं, की तुमच्या सभेत आमच्या लोकांचं दुःख बसत नाही, तेव्हा आम्ही येत नाही. तेव्हापासून आजवर फरक पडला तो निमंत्रणपत्रिकेच्या कागदात. आता गुळगुळीत असतो.

या पाहुण्या वक्त्यांचा दुसरा लाडका विषय: मराठी रसिक गेला कुठे? त्यावर परिसंवाद होतो. श्रोत्यांपेक्षा सतरंज्या जास्त. मी सांगतो रसिक कुठे गेला. वडशाला या. नकाशात देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावकरी येतात, विसार देतात, नाटक ठरवून जातात. दिवाळी झाली की हंगाम सुरू. दिवसा शंकरपट, रात्री धान निघालेल्या बांधीत मंडप. बाया लेकरांना चादरीत गुंडाळून पुढे बसतात. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य पुरवतो, नट त्यात पदरचं मिसळतो. करुण रस शिगेला पोचला की मधेच लावणी घुसते, आणि ती आटोपली की मघाची म्हातारी राहिलेलं रडणं पूर्ण करून घेते. नाटक संपतं तेव्हा तांबडं फुटलेलं असतं. या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. म्हणजे दिल्लीला कळलं. पुण्याची फाईल अजून फिरतेय.

हे एका पाहुण्यांना सांगितलं. ते मंद हसले. “छान आहे. पण हे लोकरंजन झालं.”

बघा हं, नियम कसा आहे. वाचक नाही, हे साहित्याचं दुःख. प्रेक्षक आहे, हा नाटकाचा दोष. पाचशे प्रती खपल्या नाहीत तर पुस्तक काळाच्या पुढचं. माणसं रात्रभर जागली तर त्यांची अभिरुची मागासलेली. झाडीपट्टीत टुकार नाटकं होत नाहीत का? ढिगाने होतात. पण तिकडची टुकार कादंबरी ही टुकार का होईना, कादंबरी असते. आमचं टुकार नाटक मात्र सगळी झाडीपट्टी साहित्याबाहेरची असल्याचा पुरावा!

खरी गंमत पुढे आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी अभिजात ठरली. पेढे वाटले. आणि मोठेपणा सांगताना मिरवलं काय? गाथासप्तशती, म्हणजे खेड्यापाड्यातल्या बायाबापड्यांचे रुसवेफुगवे. आणि लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसं गाठून, विचारून गोळा केल्या, त्या. तोंडी, बोलभाषेतल्या, वर विदर्भातल्या ऋद्धपूरला उतरवलेल्या! आज म्हाइंभट बाड घेऊन दारात उभे राहिले असते तर या मंडळींनी त्यांना लोकसाहित्याच्या खिडकीकडे पिटाळलं असतं. आमच्या झाडीबोलीत डोळ्याला डोरा म्हणतात. मुद्रितशोधक तो लाल शाईने सुधारतो. तोच डोरा एखाद्या शिलालेखात सापडू द्या, तीन जण त्याच्यावर पीएचडी करतील. थोडक्यात सिद्धान्त असा: मेलं की अभिजात, जिवंत आहे तोवर लोकसाहित्य.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुणी साहित्याच्या आधी विशेषण चिकटवलं की त्याला शांतपणे एवढंच विचारा: “आणि साहेब, आपलं कोणतं?” उत्तर येईपर्यंत हलू नका. पाहुण्यांनाही आग्रहाचं बोलावणं आहे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. तिकीट काढून बसायचं, मानधन मिळणार नाही. व्याख्या घरी ठेवून या. चादर मात्र आणा, पहाटे थंडी असते.