पुनवेआधीचे दिवस

नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा कोळीवाड्याचा जुना दंडक. सरकारचा दंडक वेगळा: पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारीबंदी. पुनव मात्र तिथीने येते. कधी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तर कधी अधिक मास पडला की थेट महिनाअखेरीस. या मधल्या दिवसांसाठी सातपाटीसारख्या गावांतले मच्छीमार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. बंदी वाढवा, असे तेच म्हणतात. आपल्याच धंद्याला आणखी काही दिवस कुलूप लावा म्हणणारा दुसरा व्यावसायिक आठवून पाहा!

मागणीमागचे कारण साधे आहे. ऑगस्ट लागताच जाळ्यात येणारे पापलेट पुरते वाढलेले नसते; ते आणखी थोडे पाण्यात राहिले तर वजनही वाढेल आणि भावही, असा त्यांचा अनुभव. तो कितपत खरा? खरे तर संशोधनाचा विषय इथेच सुरू व्हायला हवा. सहसा घडते ते उलट. विषय संस्थेत ठरतो आणि तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडे, माणूस येतो तो मोजपट्टी घेऊनच. बंदरावर उतरलेली मासळी मोजता येते. समुद्रातच परत फेकलेली खलाशालाच ठाऊक. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, यंदा लवकर भरली की उशिरा, हे मासळी चिरणाऱ्या बाईच्या बोटांना कळते. तिच्याकडे वही घेऊन कोण बसते?

२०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरला. पण आकार कळतो तो मासा जाळ्यात आल्यावर, आणि तोवर तो बहुधा मेलेला असतो. म्हणूनच जाळे कधी टाकायचे, हा प्रश्न उरतोच.

कोळीवाडा एकमुखाने बोलतो, असेही नाही. डोल जाळेवाल्याचे गणित वेगळे, ट्रॉलरवाल्याचे वेगळे आणि कर्जाचा हप्ता तर पुनव पाहत नाही. म्हणून विचारायचे ते सगळ्यांना, आणि पाहणी आखण्याआधी. १ ऑगस्टला निघालेल्या आणि पुनवेपर्यंत थांबलेल्या बोटींची मासळी त्या त्या गावच्या लोकांनीच काही वर्षे मोजावी, वजन-गाबोळीसकट. खलाशाच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी पाहणीच्या खर्चातच धरावी. आणि निष्कर्ष मागणीच्या विरुद्ध गेला तरी तो आधी मच्छीमार सोसायटीच्या सभेत, मराठीत वाचून दाखवावा.