फ्लेक्स नंतर लावा, आधी कढई पुढे आणा

इंदुरात मिठाईचं छोटं दुकान चालवणं सोपं नाही. एकीकडे छप्पन दुकान, दुसरीकडे सराफा, आणि चौकात चार शाखांचा मोठा दुकानदार. त्यांच्यासारखी जाहिरात तुम्हाला परवडणार नाही. त्या फंदात पडूही नका. दारावरून रोज माणसं जातातच. ती आत कशी येतील, आणि आलेलं गिऱ्हाईक परत कसं येईल, एवढंच बघा.

एकदा रात्री सराफ्यात जाऊन नुसते उभे राहा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यांपुढे कढया लागतात. तिथे पाटी कोण वाचतं? ताटाएवढा जलेबा कढईत फुलतो, मग पाकात बुडतो, आणि पाय आपोआप थांबतात. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलला की गर्दी जमते. माल डोळ्यांदेखत होतो, हीच तिथली जाहिरात.

तुमची कढई मागच्या खोलीत आहे ना? मग दिवसातून एक घाणा तरी पुढे काढा. सकाळी पोह्यांच्या वेळेला जिलबी, नाहीतर संध्याकाळी गरम गुलाबजाम. फळ्यावर खडूने लिहा, ‘गरम गुलाबजाम, 5 वाजता’. आणि मग पाच म्हणजे पाचच. सव्वापाचला आलेल्या माणसाला ‘अजून दहा मिनिटं’ ऐकावं लागलं, तर तो फळा पुसलेलाच बरा. कढई मात्र ओट्याच्या आतच ठेवा. लहान मुलं जवळ येतात.

चव द्यायला कचरू नका. हिशेब सोपा आहे. दहा-दहा ग्रॅमचे तुकडे केले तर अर्धा किलो बर्फीत पन्नास माणसं चाखतात. ताट झाकलेलं ठेवा आणि मागायची वाट न बघता द्या. ‘काकू, आजचीच आहे, बघा जरा.’ काकूंनी काही घेतलं नाही तरी चेहरा हसराच ठेवा. कालचा माल मात्र चाखायला ठेवू नका. तेवढ्यावरून तुमचं अख्खं दुकान जोखलं जातं.

सुट्या मिठाईच्या ताटावर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे. बरेच जण ते कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहितात. तुम्ही ठसठशीत लिहा. कधी बनवली तेही लिहा, ते सक्तीचं नसलं तरी. माव्याच्या मिठाईची लोकांना धास्ती असते, विशेषतः दिवाळीत. तारीख समोर दिसली की निम्मी धास्ती तिथेच जाते.

तसाच काटा. खोक्याचं वजन मिठाईत धरणं बेकायदा आहे, आणि गिऱ्हाइकाला ते कळतं. बोलत नाही इतकंच. रिकामा खोका काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, मग मिठाई भरा. आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा फिरवा. याला पैसा लागत नाही.

मिठाईवर सूट मला पटत नाही. निम्म्या भावात पेढे दिसले की माणूस विचारतो, कधीचे आहेत? त्यापेक्षा वजन झाल्यावर एक पेढा वरून टाका.

ओट्याशी कचऱ्याचा डबा ठेवा. 2017 पासून सलग सात वर्षं देशात सर्वांत स्वच्छ ठरलेलं हे शहर आहे. इथल्या माणसाला पायाखालचे द्रोण खटकतात.

आता सणांचं. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरं आहेत. त्यांना पाडव्याला श्रीखंड लागतं, संक्रांतीला तिळाचे लाडू, गणपतीत मोदक. नैवेद्याला मोदक मोजून लागतात, तेव्हा किलोच्या भानगडीत न पडता 11 आणि 21 मोदकांचे डबे करा. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी ऑर्डरची वही गल्ल्याशेजारी उघडी ठेवा, आणि थोडी आगाऊ रक्कम घ्या.