मत जमिनीचे की माणसाचे?

इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ ओल्ड सॅरम नावाची टेकडी आहे. तेराव्या शतकात तिथले कॅथीड्रल खालच्या नव्या गावात हलले आणि पाठोपाठ वस्तीही गेली. मागे उरले मातीचे कोट आणि शेते. तरीही १८३२पर्यंत या उजाड टेकडीचे दोन खासदार संसदेत बसत होते. गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला तेव्हा स्वतःचा एकही खासदार नव्हता. हा विपर्यास का टिकला, हे पिट घराण्याच्या इतिहासावरून नीट उमगते.

थॉमस पिटने ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना हिंदुस्थानात व्यापार करून पैसा मिळवला आणि ओल्ड सॅरमची मॅनर विकत घेतली. पुढे १६९८मध्ये त्याच कंपनीने त्याला मद्रासचा गव्हर्नर केले. तिथे ४८ हजार होनांना घेतलेला हिरा त्याने १७१७मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १ लाख ३५ हजार पौंडांना विकला. त्या सुमारास कॉर्नवॉलमधील बोकॉनॉकची जहागीरही घराण्यात आली.

बोकॉनॉक घराण्याचा थाट होता, पण राजकीय बळ ओल्ड सॅरममध्ये होते. तिथे मताचा हक्क माणसाला नव्हता, ठरावीक भूखंडांना होता. निवडणूक आली की मालक ते भूखंड तात्पुरते आपल्या विश्वासातल्या चारदोन माणसांच्या नावे करी. ती मंडळी एका एल्मच्या झाडाखाली जमून मालकाने सांगितलेली नावे निवडत. निकाल कागदपत्रांतच ठरलेला असे.

थॉमसचा नातू विल्यम १७३५मध्ये याच वाटेने संसदेत पोहोचला. जागा त्याच्या थोरल्या भावाने सोडलेली होती. सप्तवार्षिक युद्धाची सूत्रे सांभाळणारा, पुढे पंतप्रधान झालेला थोरला पिट तो हाच. त्याचा मुलगा धाकटा पिट १७८१मध्ये अशाच दुसऱ्या एका जमीनदाराच्या मुठीतल्या ॲपलबीतून निवडून आला आणि १७८३मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, पंतप्रधान झाला. कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर सरकारी नियंत्रण मंडळ बसवणारा १७८४चा कायदा त्याचाच.

यावरून जुन्या व्यवस्थेचे समर्थक म्हणत, की असे मतदारसंघ नसते तर हे दोघे इतक्या तरुण वयात संसदेत आलेच नसते. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण कर्तबगार माणूस निवडला जाणे ही मालकाची मर्जी होती. सुमार नातलगालाही तीच जागा तितक्याच सहज मिळे. शिवाय खुद्द धाकट्या पिटलाही ही व्यवस्था पटत नव्हती. असे ३६ मतदारसंघ बंद करण्याचा प्रस्ताव त्याने १७८५मध्ये मांडला, तोही मालकांना भरपाई देऊन. संसदेने तो फेटाळला. सुधारणा मागणाराही प्रतिनिधित्वाला मालमत्ता समजूनच बोलत होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे. बाजारभावही तसाच होता: १८०२मध्ये पिट घराण्याने ओल्ड सॅरम विकले, ते सुमारे ६० हजार पौंडांना. ही किंमत शेतांची नव्हती, खासदारकीच्या दोन जागांची होती.

जागा कोणाला मिळाली यापेक्षा ती देणारा कोण, हा प्रश्न मोठा आहे. १८३२च्या सुधारणा कायद्याने त्याचे उत्तर दिले. ओल्ड सॅरमची खासदारकी गेली आणि मालकाला भरपाईपोटी एक छदामही मिळाला नाही. तेच योग्य होते.