दोष गावाचा नाही, खुर्चीच्या बांधणीचा

दूध संघ आणि साखर कारखान्यात घडलेल्या माणसाला विधानसभेची नियमावली कशी पेलणार, अशी शंका ग्रामीण नेत्याबद्दल सहज घेतली जाते. हरिभाऊ बागडे यांच्यावर ती घेणारे १२ नोव्हेंबर २०१४ चा दाखला देतात. त्या दिवशी ते महाराष्ट्र विधानसभेचे बिनविरोध अध्यक्ष झाले आणि लगेच फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. भाजपचे निवडून आलेले आमदार १२२, सभागृह २८८ चे. विरोधक मतविभागणी मागत राहिले, ती मिळाली नाही. हा निर्णय चुकीचाच होता. बहुमताचा प्रश्न डोकी मोजूनच सुटायला हवा होता. पण त्याचे खापर गावाकडच्या घडणीवर फोडणे मला मान्य नाही. बागडे १९८५ पासून निवडणुका लढत होते, १९९५ च्या युती सरकारात मंत्री होते, २००९ मध्ये फुलंब्रीत हरलेही होते. दूध संघाच्या सर्वसाधारण सभेत फॅटच्या दरावरून उभा राहिलेला सभासद हिशेब मिळाल्याशिवाय खाली बसत नाही. मोजणीचे मोल तिथे वावरलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. उलट नंतर अध्यक्ष झालेले कुलाब्याचे आमदार राहुल नार्वेकर पेशाने वकील, तरी आमदारांच्या अपात्रतेच्या याचिकांवर निर्णयासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये त्यांना मुदत घालून द्यावी लागली. नाना पटोले तर २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडून थेट काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. शहर, गाव, पक्ष बदलले. वागणे तेच राहिले.

कारण उघड आहे. अध्यक्षाला पुढच्या निवडणुकीत पक्षाचेच तिकीट मागावे लागते. बागडेही २०१९ मध्ये भाजपचे उमेदवार म्हणून फुलंब्रीतून लढले. आयर्लंडच्या राज्यघटनेने ही गाठच सोडवली आहे. मावळता सभापती पुन्हा उभा राहणार असेल, तर तो मतदानाविना निवडून आला असे मानतात. किल्डेअर साउथ या ग्रामीण भागातले शॉन ओ फॅरील २०१६ मध्ये गुप्त मतदानाने सभापती झाले, तेही सत्ताधारी पक्षाचे नसताना. २०२० मध्ये ते आपोआप परतले. यावर आक्षेप येईल की फुलंब्रीच्या मतदाराचा हक्क त्यामुळे बुडेल. आक्षेप रास्त आहे. किल्डेअर साउथमधून अनेक सदस्य निवडले जातात, एक जागा राखूनही मतदान होते. आपल्याकडे मतदारसंघाला आमदार एकच. म्हणून ती तरतूद जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण मतविभागणी मागितली की मोजणी सक्तीची करायला घटनादुरुस्ती लागत नाही. महाविकास आघाडीने डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करण्याचा नियम आणला, तो रद्द करायलाही लागत नाही. सभागृहाने एवढे येत्या अधिवेशनातच करावे.